नवे सहकारी स्वमग्न आहेत. संघप्रमुख म्हणून मी नेमके काय बदलावे?

प्रश्न : ताळमेळ

नोंदींची पडताळणी करणाऱ्या एका लहान संघाची मी प्रमुख आहे. काही महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या एका सहकाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात मला भेटून सांगितले, की त्यांना ऑटिझम (स्वमग्नता) आहे, त्याचे निदान प्रौढ वयात झाले आहे, अहवालात ‘स्तर १’ असे लिहिले आहे आणि ही गोष्ट मी व मनुष्यबळ विभाग यांच्यापलीकडे जाऊ नये. त्यामुळे ओळख पटेल असा कोणताही तपशील मी येथे देत नाही.

त्यांच्या कामाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आमच्या जुन्या नोंदींत काही ठिकाणी तारखेचा दिवस आधी लिहिलेला होता, तर काही ठिकाणी महिना आधी. त्यामुळे महिन्याच्या पहिल्या बारा तारखांच्या नोंदी बिनबोभाट उलटसुलट होत होत्या आणि तेरा तारखेपासून पुढे सारे सुरळीत दिसत होते. इतकी वर्षे कोणाच्याही नजरेस न आलेला हा घोळ त्यांनी रुजू झाल्यावर अल्पावधीतच शोधून काढला.

अडचणी आहेत त्या कामाच्या अवतीभवतीच्या. एका बैठकीत ग्राहकासमोरच त्यांनी आमच्या वरिष्ठांना “हा आकडा चुकीचा आहे” असे स्पष्ट सांगितले. आकडा खरोखरच चुकीचा होता, पण वरिष्ठांना ते लागले. दुसऱ्या एका प्रसंगी मी एक अहवाल देऊन “सवडीने बघा” असे म्हटले होते. दोन आठवड्यांनी विचारले, तेव्हा तो उघडलेलाही नव्हता. त्यानंतर कार्यालयातील बसण्याची जागा बदलली. आता त्यांचे मेज छपाईयंत्राजवळ, येण्याजाण्याच्या वाटेवर आले आहे आणि तेव्हापासून त्यांचा वेग उतरला आहे. ते दिवसभर हेडफोन लावून बसतात, दुपारी इतरांबरोबर जेवायला येत नाहीत, आणि संघातील एकदोघांनी “यांना आमच्याशी बोलायचेच नसते का?” असे मला विचारले आहे.

माझे प्रश्न दोन आहेत. त्यांच्याकडे सगळ्यांची बोटे जाणार नाहीत अशा रीतीने त्यांना आधार कसा द्यावा? आणि कोणत्या गोष्टी त्यांनी बदलाव्यात अशी अपेक्षा मी रास्तपणे ठेवू शकते?

उत्तर : काठावरून

मी स्वतः ऑटिस्टिक आहे आणि निदान होण्याच्या कितीतरी आधीपासून नोकरी करते आहे. मी सांगते ते माझ्यापुरते खरे आहे. तुमच्या सहकाऱ्यांचे तसेच असेल असे धरून चालू नका, त्यांना विचारा.

“सवडीने बघा” या वाक्यात बोलणाऱ्याच्या मनात एक मुदत असतेच. ती त्याच्या आवाजावरून, चेहऱ्यावरून आणि हुद्द्यावरून ऐकणाऱ्याने ताडायची, असा अलिखित करार असतो. तुमच्या सहकाऱ्यांना सवड मिळाली नसेल, म्हणून त्यांनी अहवाल पाहिला नसेल. आज्ञापालनात कसूर कोठे झाली? (हे थोडे गमतीने लिहिते आहे, पण थोडेच.) त्याऐवजी “या अहवालातील बेरजा गुरुवारी दुपारपर्यंत तपासा, भाषा पाहू नका, फरक आढळल्यास मला कळवा” असे लिहून दिले, तर ते काम वेळेवर होईल. काय करायचे, कधीपर्यंत, कोठवर आणि पूर्ण झाले हे कशावरून ठरवायचे, एवढे कळले की मला ताडाताडीत शक्ती घालवावी लागत नाही.

आता जागेविषयी. बहुतेकांचा मेंदू छपाईयंत्राची घरघर काही मिनिटांत मागे ढकलतो, माझा ढकलत नाही. यंत्राचा आवाज, पलीकडच्या मेजावरचे बोलणे, दिव्याची सूक्ष्म गुणगुण आणि समोरच्या माणसाचे वाक्य ही सगळी मला एकाच पट्टीत ऐकू येतात आणि त्यांतून ते वाक्य मला दर वेळी निवडून काढावे लागते. दुपारपर्यंत हे जमते. त्यानंतर मी वाचलेली ओळ पुन्हा वाचू लागते, आणि पाहणाऱ्याला वाटते की ही आळसावली. हेडफोन म्हणजे तुटकपणा नव्हे. ते लावल्यामुळेच मी त्या खोलीत बसू शकते.

नजरेला नजर देण्याचेही तसेच आहे. मी समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहत ऐकायचे ठरवले, तर निम्मे लक्ष नजर किती वेळ ठेवावी आणि कधी काढावी या हिशेबात जाते. टेबलाकडे पाहिले तर शब्द न् शब्द ऐकू येतो. वर्षानुवर्षे मी हा हिशेब करत आले, हसायच्या जागा पाठ करत आले. आम्ही याला मास्किंग म्हणतो. त्याची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागते, कारण संध्याकाळी मग कोणाशी एक वाक्य बोलण्याचे त्राण उरत नाही. तुमचे सहकारी जेवायला येत नसतील, तर तो अर्धा तास त्यांना उरलेल्या दिवसासाठी लागत असेल. निमंत्रण मोकळे ठेवा, आग्रह करू नका.

एक विनंती मात्र कळकळीची आहे. “जरा बोलायचे आहे” असा संदेश कधीही पाठवू नका. तो वाचल्यापासून भेट होईपर्यंत माझ्या हातून काहीही काम होत नाही. “मार्चच्या नोंदींतील दोन फरकांबद्दल, तीन वाजता, दहा मिनिटे, काळजीचे कारण नाही” एवढे लिहायला कितीसा वेळ लागतो?

ग्राहकासमोरच्या प्रसंगाबद्दल त्यांना जरूर सांगा, पण सूचक बोलू नका. “जरा सांभाळून घ्यायला हवे होते” यातून मला काहीच कळणार नाही. “ग्राहक समोर असताना चूक दिसली तर मला लगेच लेखी संदेश पाठवा, दुरुस्ती मी करून घेईन, कारण ग्राहकासमोर मतभेद दिसले की त्याचा साऱ्या आकड्यांवरचा विश्वास डळमळतो” असे सांगितलेत, तर नियमही कळतो आणि त्यामागचे कारणही. कारण पटले की तो नियम मी कोणाहीपेक्षा काटेकोरपणे पाळते.

उत्तर : नियमावली

मी मनुष्यबळ विभागात काम करतो, त्यामुळे कार्यपद्धतीपुरते लिहितो.

पहिली गोष्ट गोपनीयतेची. त्यांनी आपल्याला सांगितले ते आपल्यापुरते आहे. संघातील कोणी विचारले, तर “प्रत्येकाच्या कामाच्या गरजांबद्दल मी त्या त्या व्यक्तीशी बोलते” एवढेच उत्तर पुरे. निदानाचा उल्लेख नोंदवहीत, बैठकीच्या इतिवृत्तात किंवा ईमेलमध्ये येऊ देऊ नका. सोयीची नोंद जरूर ठेवा, कारण उद्या आपली बदली झाली तर नव्या प्रमुखासमोर त्यांना सारे पहिल्यापासून सांगावे लागू नये. मात्र त्या नोंदीत “लेखी सूचना, भिंतीलगतची जागा, बैठकीचा विषय आदल्या दिवशी” असे लिहावे, वैद्यकीय कारण लिहू नये.

दुसरी गोष्ट त्या ‘स्तर १’ची. अनेक अधिकारी त्याचा अर्थ “फारसे काही नाही” असा लावतात. निदानाच्या व्याख्येतच स्तर १ म्हणजे आधाराची गरज असलेली अवस्था, स्तर २ म्हणजे भरीव आणि स्तर ३ म्हणजे अत्यंत भरीव आधाराची गरज. आधार लागत नाही असा स्तरच त्यात नाही. शिवाय ही वर्गवारी कामाची पात्रता मोजण्यासाठी केलेली नाही, आणि एकाच व्यक्तीची गरज शांत खोलीत वेगळी, तर गजबजाटात वेगळी असू शकते.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारनाम्यात ‘वाजवी सोय’ ही कल्पना स्पष्टपणे मांडली आहे. आवश्यक आणि योग्य असे बदल करून द्यावेत, परंतु त्यांचा बोजा प्रमाणाबाहेर किंवा अवाजवी असू नये, असा तिचा आशय आहे. ‘वाजवी’ या शब्दाची भीती बाळगणाऱ्यांना मी एवढेच सांगेन, की आपल्या प्रश्नात ज्या ज्या सोयींचा विषय आहे त्यांतील बहुतेकांना पैसा लागतच नाही, थोडी शिस्त लागते, आणि ती शिस्त बहुधा प्रमुखालाच लावून घ्यावी लागते.

म्हणून माझा सल्ला असा, की जे बदल सर्वांसाठी करता येतील ते सर्वांसाठीच करावेत. लेखी सूचना, बैठकीची विषयपत्रिका, पूर्वकल्पना न देता बैठक न बोलावणे, हेडफोनला सरसकट परवानगी, यांसाठी कोणाचेही निदान पुढे करावे लागत नाही, आणि मग बोटेही कोणाकडे जात नाहीत.

उत्तर : सरळ रेघ

वरचे सारे वाचले. कोणाचे मन दुखवण्याचा हेतू नाही, पण दुसरी बाजूही यावी म्हणून लिहितो. कार्यालयाच्या गोंगाटाने सगळेच थकतात. दिवसाअखेर माझेही डोके जड होते. भिंतीलगतची जागा मलाही आवडेल. मग एकाला ती निदानामुळे मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही, यात न्याय कोठे आहे? आणि शिष्टाचाराचे काय? वरिष्ठांशी कसे बोलावे हे आम्ही शिकलो, तर इतरांनीही ते शिकावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे ठरते का? शिवाय हल्ली प्रौढांमध्येही ऑटिझमचे निदान वाढलेले दिसते. जो तो हे लेबल लावू लागला तर खऱ्या गरजूंचेच नुकसान होईल, अशी मला शंका वाटते.

उत्तर : अंतर्नाद

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे आणि प्रौढांच्या निदानाचे काम करते. ‘सरळ रेघ’ यांच्या मनातील प्रश्न अनेकांच्या मनात असतो, फक्त तो विचारला जात नाही. म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

आधी निदानाविषयी. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन करणारा लेख लिहिला, आणि त्यानंतर दीर्घकाळ ऑटिझम ही बालपणातील एक दुर्मीळ अवस्था मानली गेली. ज्यांचे बोलणे वेळेवर सुरू झाले, जे अभ्यासात बरे होते, ज्यांनी इतरांचे पाहून पाहून वागणे जमवले, त्यांचा या चित्रात समावेशच नव्हता. मुली तर त्यातून मोठ्या प्रमाणावर निसटल्या. लोर्ना विंग यांच्यासारख्या संशोधकांमुळे १९८०च्या आसपास हे चित्र रुंदावू लागले. २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेने ऑटिझमचे ॲस्पर्गर आणि इतर उपप्रकार एकाच स्पेक्ट्रमखाली, म्हणजे कमीअधिक खुणांच्या एकाच सलग पट्ट्यात, आणले, आणि आवाज, प्रकाश, स्पर्श यांबद्दलची तीव्र किंवा मंद संवेदनशीलता निदानाच्या निकषांत प्रथमच नोंदवली. आज पन्नाशीत असलेल्या व्यक्ती शाळेत होत्या तेव्हा त्यांना ओळखण्याची दृष्टीच कोणाकडे नव्हती. त्यांचे निदान आता होते आहे, कारण आता ते होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक ऑटिस्टिक होती. तेव्हा मोठ्या कार्यालयात अशी एखादी व्यक्ती असणे हे नवल नव्हे. तिने ते कोणाला सांगितले असणे हेच काय ते नवल. आणि निदान हे हौसेने लावायचे लेबल नसते: बालपणापासूनच्या खुणा तपासल्या जातात, त्यांमुळे दैनंदिन जगण्यात खरोखर अडथळा येतो की नाही हे पाहिले जाते.

थकव्याबद्दल आपण लिहिले ते खरे आहे, थकवा सर्वांनाच येतो. परंतु झोप झाली की उतरणारा थकवा वेगळा, आणि महिनोन्‌महिने साचत जाऊन आधी येत असलेली कामेही हातून निसटू लागतात ती अवस्था वेगळी. ऑटिस्टिक प्रौढ याला बर्नआउट म्हणतात, आणि ती आली की अनेकांना नोकरी सोडावी लागते. भिंतीलगतची जागा ही येथे बक्षीस म्हणून दिली जात नाही. अंधूक दिसणाऱ्याला चष्मा दिला म्हणून इतरांवर अन्याय होत नाही, तितकेच तिचे महत्त्व. कामाचा दर्जा आणि मुदत यांचे मोजमाप सर्वांना एकच असावे, तेथे सूट देऊ नये. ते काम कोठे बसून आणि कोणत्या सूचनेवरून करायचे हे वेगळे असू शकते. आणि आपल्यालाही भिंतीलगत बसून काम चांगले होत असेल, तर आपणही मागावी, नाही कोण म्हणते?

शिष्टाचाराच्या मुद्द्यावर डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली मांडलेला विचार मला उपयोगी वाटतो. ते स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांचे म्हणणे असे, की ऑटिस्टिक माणसाला इतरांचे मन कळत नाही, हे अर्धेच चित्र आहे. इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचे मन तितकेच कळत नाही, आणि गैरसमज दोन्ही बाजूंच्या मधोमध तयार होतो. प्रश्नकर्तीच्या वरिष्ठांना उद्धटपणा ऐकू आला. बोलणाऱ्याच्या दृष्टीने मात्र चुकीचा आकडा ग्राहकाकडे जाऊ न देणे हाच आदर होता. त्यांनी आपल्या कार्यालयाची रीत शिकावी ही अपेक्षा रास्त आहे आणि वर ‘काठावरून’ यांनी ती शिकवण्याची पद्धतही सांगितली आहे. अपमान करणे, धमकावणे, दुसऱ्याचे काम अडवून धरणे यांना ऑटिझम ही सबब होऊ शकत नाही, आणि माझ्या अनुभवात ऑटिस्टिक व्यक्तींना ती नकोही असते. परंतु हसतमुख असणे, गप्पा मारणे, नजर देणे या गोष्टी कामाचा भाग आहेत की आपल्या आवडीचा, हे प्रमुखाने स्वतःला विचारावे.

मूळ प्रश्नकर्तीसाठी आणखी एक सांगते, कारण त्याबद्दल सहसा कोणी आधी सांगत नाही. ताण असह्य झाला की काही जणांचा आवाज चढतो, काही रडतात, आणि काही एकदम गप्प होतात, विचारलेल्याचे उत्तरही देऊ शकत नाहीत. तो रुसवा नसतो. अशा वेळी भोवती गर्दी करू नये, खांद्यावर हात ठेवू नये, “काय झाले, काय झाले” असा भडिमार करू नये. दिवे मंद करता आले तर करावेत, शांत खोलीची वाट मोकळी ठेवावी, आणि बोलणे दुसऱ्या दिवशी, शक्यतो लिहून करावे. अशा प्रसंगी काय केलेले चालेल हे सारे शांत असतानाच विचारून ठेवलेत, तर आयत्या वेळी तुमचीही धांदल उडणार नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर : ताळमेळ

सर्वांचे आभार. आपल्या सल्ल्याप्रमाणे मी त्यांना प्रश्न आधी लिहून पाठवले आणि उत्तरे लेखी दिली तरी चालतील असे कळवले. उत्तरे सविस्तर आली, आणि त्यांतील एक मला पूर्णपणे अनपेक्षित होते. छपाईयंत्राचा आवाज एकसुरी असल्यामुळे त्याचा त्रास फारसा नाही. खरा त्रास पाठीमागून माणसे जातात त्याचा आहे, कारण प्रत्येक वेळी कोणीतरी हाक मारणार असे वाटून हातातला धागा सुटतो. मी मात्र ते यंत्रच हलवण्याची परवानगी मागण्याच्या तयारीत होते. आता मेज फिरवून त्यांची पाठ भिंतीकडे केली आहे, जागा तीच आहे.

काम सोपवण्याचा एक छोटा नमुना संघासाठी तयार केला: काय, कोणासाठी, कधीपर्यंत आणि पूर्ण झाल्याची खूण. इतर सहकारी कुरकुर करतील असे वाटले होते. झाले उलटेच, सर्वांत नव्या दोघांनी तो लगेच उचलला. हेडफोनबद्दल वरिष्ठ अजून नाराज आहेत, त्यावर बोलणे चालू आहे.

एक प्रश्न उरतो. आमच्या वार्षिक मूल्यमापनाच्या अर्जात ‘संघभावना’ आणि ‘संवादकौशल्य’ असे दोन रकाने आहेत, ज्यांत गुण देताना बहुतेक प्रमुख दिलखुलास स्वभाव मोजतात. त्यांत यांना कमी गुण पडतील आणि त्याचा परिणाम वेतनवाढीवर होईल. अर्ज बदलणे माझ्या हाती नाही. मी काय करू शकते?

उत्तर : नियमावली

अर्ज बदलता येत नसेल, तरी त्या रकान्याचा अर्थ लेखी ठरवता येतो. वर्ष सुरू होतानाच संपूर्ण संघासाठी एक टिपण काढा आणि त्यात त्या शब्दांखाली दिसू शकणारी, मोजता येणारी कृती लिहा. ‘संवादकौशल्य’ म्हणजे आपल्या कामात पडताळणीची टिपणे दुसऱ्याला न विचारता समजतील इतकी स्पष्ट असणे, आढळलेला फरक त्याच दिवशी कळवणे, मुदत हुकणार असेल तर आधी सांगणे. ‘संघभावना’ म्हणजे दुसऱ्याच्या अडलेल्या कामाला मदत करणे, आपली पद्धत इतरांना लिहून देणे. तारखांचा घोळ ज्यांनी शोधला आणि सर्वांना सांगितला, त्यांना या रकान्यात गुण का पडू नयेत? ते टिपण मनुष्यबळ विभागाकडून आधीच मान्य करून घ्या, म्हणजे वरिष्ठांनी गुण कापले तर आपल्याला बोट ठेवायला कागद राहील.

उत्तर : काठावरून

यात माझी थोडी भर. मूल्यमापनाच्या भेटीत विचारणार ते प्रश्न त्यांना काही दिवस आधी द्या, आणि “स्वतःबद्दल काय वाटते?” असा अघळपघळ प्रश्न टाळून “या वर्षातील कोणती दोन कामे चांगली झाली आणि कोणत्या कामात अडथळा आला?” असे विचारा. पहिल्या प्रश्नावर मी “ठीक” एवढेच म्हणून गप्प बसते, दुसऱ्यावर दोन पाने लिहून आणते.

सुधारणा सुचवायची असेल तर ती कौतुकाच्या दोन वाक्यांच्या मध्ये गुंडाळू नका. मला मग त्यातले नेमके कोणते वाक्य घरी न्यायचे ते कळत नाही. आणि बढतीचा विषय निघाला तर पुढची पायरी म्हणजे माणसे सांभाळणे असे गृहीत धरू नका. काहींना ते हवे असते आणि उत्तम जमते, काहींना अधिक अवघड पडताळणी हवी असते. दोन्ही पर्याय वेतनासह लिहून द्या आणि उत्तर त्याच बैठकीत मागू नका.